शिरधनकरांची आढी

"काप," बाबजी शिरधनकर म्हणाले आणि त्यांनी सुरी माझ्या कीबोर्डवर ठेवली.

पातं नेमकं एंटरच्या बटणावर आलं. स्क्रीनवर एक खिडकी उघडली, दुसरी मिटली, आणि सकाळपासून केलेलं काम गेलं की राहिलं ते मला कळेना. मी सुरी उचलून बाजूला ठेवली.

"काका, हा कॉम्प्युटर आहे. विळी नव्हे."

"मी तुजा काका नाय. आंबा काप. तुमचा डबा म्हणतो ना, माज्या आंब्यात साका हाय? मग दाखव साका."

पॅकहाउसमधल्या बायकांचे आंबे पुसणारे हात थांबले. मॅनेजर इंदुलकर पेट्यांच्या थप्पीमागून डोकावले आणि शहाणपणाने पुन्हा थप्पीमागे गेले.

मी मूळची फलटणची. राग आमच्याकडे घरटी एकाच्या नाकावर असतो, आमच्या घरात तो माझ्या वाट्याला आला होता. मी ट्रेमधला एक आंबा उचलला आणि त्यांच्याच सुरीने उभा चिरला. आत कच्चा, घट्ट, पांढुरका गर. साका नाही, काही नाही.

"कुठाय?" बाबजी म्हणाले.

"कच्च्या आंब्यात साका दिसत नाही. पिकल्यावर दिसतो. तुमची एवढी मोठी बाग आहे, हे मी तुम्हाला सांगायला हवं?"

"मग तुमच्या डब्याला कच्च्यात कसा दिसला?"

"त्याला दिसतो. त्यासाठीच तो आणलाय."

ते हसले. चांगलं हसू नव्हतं ते. "घाटावरून बाय आली, आंबा काय असतो ते कोकणाला शिकवायला," असं बायकांकडे बघून म्हणाले. बायकांपैकी एकही हसली नाही आणि त्यामुळे ते जास्तच लागलं.

भांडण कशावरून होतं ते सांगते. साका म्हणजे हापूसला लागलेला शाप. आंबा बाहेरून देखणा, वासाला गोड, आणि कापला की कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. वरून काहीच कळत नाही. परदेशी गेलेल्या पेटीत असे चार निघाले की पेटी पाठवणाऱ्याचं नाव तिथल्या बाजारात संपतं. आमच्या संशोधन संस्थेतल्या डॉ. श्रीरंग वैशंपायनांनी यावर उपाय म्हणून एक हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा बसवला होता. बाबजींचा 'डबा' तो हाच. आपल्या डोळ्याला लाल, हिरवा, निळा कळतो आणि बाकी सगळी त्यांची मिसळ. हा कॅमेरा उजेडाच्या दोनशेवर चकत्या करतो आणि त्यातल्या निम्म्या तर आपल्याला दिसतच नाहीत. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याची एक वाकडीतिकडी रेघ निघते. पाण्याची रेघ वेगळी, साखरेची वेगळी. कच्च्या आंब्याचा फोटो काढायचा, पिकल्यावर तो कापून बघायचा, आणि सॉफ्टवेअरला शिकवायचं की ही निरोगी आंब्याची रेघ, ही साक्याची. मग नवा आंबा आला की ते ताडून बघतं. निरोगी असेल तर आंब्याभोवती हिरवी चौकट, नसेल तर लाल.

सॉफ्टवेअरला शिकवण्याचं काम सरांनी आदल्या हंगामातच, मी यायच्या आधी, उरकलं होतं. मला त्यांनी नेमलं ते चालवण्यासाठी. माडबंदरच्या पॅकहाउसमध्ये चाचणी सुरू झाली. इंदुलकरांनी हौसेने भिंतीवर मोठा पडदा लावला आणि आलेल्या मालापुढे बागायतदाराचं नाव झळकू लागलं. बाकी सगळी नावं हिरवी. 'शिरधनकर' मात्र आल्या दिवसापासून लाल, पुढे ठसठशीत अक्षरांत 'साका'. रोज.

बाबजींची बाग खाडीपलीकडे होती. आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, बोटीने माती आणली आणि कलमं लावली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. त्या बागेचा आंबा आजवर कुणी नाकारला नव्हता. आता टेम्पोवाले पडद्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते, आणि ठरलेल्या व्यापाऱ्याने यंदा 'बघू' म्हणून सांगितलं होतं. हंगामाच्या तोंडावर निर्यातदार येणार होते. ते यंत्र बघणार, आणि कुणाची बाग यादीत घ्यायची, कुणाची कायमची गाळायची, ते त्या पडद्यावरून ठरवणार. लाल नावाचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"आढी घाला," त्या दिवशी बाबजी शेवटी म्हणाले. "तुमच्या डब्यानं लाल म्हटलेले माजे आंबे घ्या. भाताच्या पेंढ्यात आढी घाला. पिकले की सगळ्यांसमोर फोडू. साका निघाला तर मी पुन्हा शब्द काढणार नाय. नाय निघाला तर त्या पडद्यावरनं माजं नाव तू तुज्या हातानं पुसायचं."

मी सरांना फोन लावला. त्यांना ही कल्पना फारच आवडली. निर्यातदार येतील त्याच दिवशी आढी उघडायची, यंत्राने सांगितलं तेच आत निघेल, याहून चांगली जाहिरात कुठली! त्यांनी फोनवरूनच होकार दिला आणि मला बजावलं की त्या म्हाताऱ्याशी वाद घालू नकोस, म्हातारा आपलंच काम करतोय.

लाल चौकटीतले आंबे मागच्या खोलीत पेंढ्यात घातले गेले. खोलीला पॅकहाउसचं कुलूप होतं. बाबजींनी त्यावर स्वतःचं एक घातलं, आणि तेवढ्यावर विश्वास न बसून रोज होडीने येऊन खोलीच्या दाराशी स्टुलावर बसू लागले. जाता-येता मला ते दिसत आणि त्यांना मी. ते म्हणत, "झोप लागते का म्याडम?" मी म्हणे, "तुमच्या घोरण्याने मोडते तेवढी सोडून." एकदा त्यांनी मला विचारलं की कधी झाडावर चढून आंबा उतरवलाय का. मी म्हटलं, कोंबडी पाळायला अंडं घालता यावं लागत नाही. त्यावर दिवसभर त्यांनी तोंड उघडलं नाही आणि मला फार बरं वाटलं. मला तो माणूस आवडत नव्हता. त्याच्या आंब्यांत साका निघावा असं मला मनापासून वाटत होतं.

त्या इच्छेपोटीच मी ते केलं. निर्यातदार यायच्या आदल्या दिवशी, दुपारी बायका जेवायला गेल्यावर, मी बाबजींच्या आंब्यांचे कॅमेऱ्यातले फोटो उघडले. पाहुण्यांना दाखवायला एक ठळक चित्र हवं होतं. एका बाजूला निरोगी आंब्याची रेघ, दुसऱ्या बाजूला शिरधनकरांची, आणि मध्ये शेंबड्या पोरालाही दिसेल इतकं अंतर. सॉफ्टवेअरमध्ये फोटोवर तुकडा आखून त्याची सरासरी रेघ काढायची सोय असते. तुकडा आखायला दोन हत्यारं. एक चौकोन, ओढला की झाला. दुसरं टिंबाटिंबाने कडेकडेने जायचं, वेळखाऊ. मला चित्र देखणं हवं होतं म्हणून मी वेळखाऊ हत्यार घेतलं आणि आंब्याच्या आतून, कडेला न शिवता, टिंबं टाकत गेले.

रेघ आली. दुसऱ्या बागेतल्या निरोगी आंब्याचीही तशीच काढली. दोन्ही एकमेकींवर अशा बसल्या की खालची दिसेना.

मला वाटलं माझंच चुकलं. दुसरा आंबा घेतला, तिसरा घेतला. तेच. मग पाण्याचा संशय आला. बाबजींचा माल होडीतून यायचा, त्यावर खाडीचं खारं पाणी उडायचं, म्हणून तो आल्याबरोबर धुवायचे. पाणी या कॅमेऱ्याला फार जाणवतं. मी त्यांच्या त्या दिवशी आलेल्या मालातले आंबे ट्रेमधल्या ट्रेमध्येच फडक्याने कोरडे ठणठणीत केले आणि पुन्हा कॅमेऱ्याखाली धरले. लालच्या लाल. कोरडे असून लाल, रेघ निरोगी असून लाल.

मी पुन्हा रेघा काढायला बसले, डाव्या हातात चहा, उजव्या हातात माउस. टिंब टाकताना हात सरकला आणि तुकडा आंब्यावर पडायच्या ऐवजी बाजूला, ट्रेवर पडला. रेघ उमटली. ती मी ओळखली. रोज बघत होते, सॉफ्टवेअरच्या पोटात साठवलेली, सरांनी शिकवलेली, साक्याची रेघ.

मी चहा खाली ठेवला.

मग आदल्या हंगामातले शिकवणीचे फोटो काढले. सरांनी भराभर चौकोन ओढले होते. आंबा गोल आणि चौकोनाला चार कोपरे, त्या कोपऱ्यांत आंबा नव्हता, ट्रे होता. निरोगी आंब्यांचे फोटो संस्थेत काढलेले, पांढऱ्या ट्रेवर. साक्याच्या आंब्यांचे इथे पॅकहाउसमध्ये, इथल्या काळ्या ट्रेवर. सॉफ्टवेअरला आंब्यातलं काही शिकणं अवघड होतं आणि ट्रे शिकणं सोपं, म्हणून ते ट्रे शिकलं, आणि नवा आंबाही चौकटीच्या कोपऱ्यांसकट बघत राहिलं. शितावरून भाताची परीक्षा करावी हे ठीक, पण शीत निदान भाताचं तरी असावं.

बाबजींचा माल काळ्या ट्रेमध्ये का, हेही माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं. आम्ही संस्थेतून आणलेल्या पांढऱ्या ट्रेंना भोकं नव्हती. धुतलेला आंबा निथळायला भोकांचा ट्रे लागतो आणि भोकांचे ट्रे काळे. टेम्पोने येणाऱ्या कोरड्या मालाला पांढरा, होडीने येणाऱ्या ओल्या मालाला काळा. होडीने येणारे एकटे शिरधनकर.

खात्री करायला मी एक रिकामा काळा ट्रे कॅमेऱ्याखाली सरकवला. लाल चौकट. साका. मग पांढऱ्या ट्रेमध्ये माझा जेवणाचा स्टीलचा डबा ठेवला. हिरवी चौकट. निरोगी. मला हसू आलं, पण मागच्या खोलीपाशी स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मी डबा घाईने उचलून घेतला.

सर संध्याकाळी पोचले. मी त्यांना रिकामा ट्रे दाखवला, डबा दाखवला, चौकोन दाखवले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि फार शांतपणे म्हणाले की उद्याचा कार्यक्रम झाला की आपण हे बघू.

"उद्या आढी उघडणार आहे, सर. आंबे चांगले निघतील."

"निघू देत. उंबरठा थोडा सरकव." प्रत्येक रेघ साक्याच्या किती जवळ आली म्हणजे साका म्हणायचं, त्याची सॉफ्टवेअरमध्ये एक पट्टी असते. डावी-उजवी सरकवता येते. "लालचे पिवळे होतील. पिवळा म्हणजे संशयित. आंबे चांगले निघाले तर आपण म्हणू, सीमारेषेवरचा माल होता. यंत्र वाचेल."

"आणि त्यांची बाग?"

"संशयित म्हणजे काही दोषी नव्हे."

"निर्यातदार संशयित बाग घेतील?"

"तो त्यांचा प्रश्न आहे. शलाका, तुला हत्यारं चालवायला घेतलंय. मत द्यायला नाही. तुझी नेमणूक वर्षावर्षाची आहे, हे लक्षात असू दे. उद्या सगळा माल पांढऱ्या ट्रेमध्ये घे आणि पट्टी मी सांगतो तिथे आण."

रागाने माझे कान तापले होते आणि अशा वेळी तोंड उघडलं की मी फलटणची भाषा बोलते, हे मला माहीत होतं. पट्टी मी सरकवली नाही. बाबजींनाही सांगितलं नाही. कोपऱ्यात सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच आकांडतांडव केलं असतं, आणि सरांना सगळी सारवासारव करायला रात्रभराचा अवधी मिळाला असता. सांगायचं तर पडद्यासमोर, हे मी तिथेच ठरवलं. घरी जाताना दाराशी बाबजी भेटले. "काय म्याडम, उद्या तोंड कुठं लपवणार?" म्हणाले. मी दात आवळून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पॅकहाउस भरलं. निर्यातदार पुढच्या खुर्च्यांवर, बागायतदार मागे उभे, बाबजी सगळ्यांच्या मागे आढीच्या दाराला पाठ लावून. सरांनी दीपप्रज्वलनापासून सुरुवात केली. मग कॅमेरा, उजेडाच्या चकत्या, देशाची निर्यात, सगळं झालं. मग म्हणाले, आमच्या सहकारी आता प्रत्यक्ष दाखवतील.

मी कॅमेऱ्याखाली काळा ट्रे सरकवला. रिकामा.

पडद्यावर लाल चौकट आली. आत भोकांचा ट्रे, खाली अक्षरं, 'साका'.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आंबो खंय हा?" आणि लोक हसायला लागले.

"ट्रेला आधीच्या आंब्याचा रस लागलाय," सर घाईने म्हणाले. "शलाका, पांढरा घे."

मी पांढरा घेतला. त्यात माझा डबा ठेवला. पडद्यावर हिरवी चौकट, 'निरोगी'. या वेळी खुर्च्यांवरचेही हसले. एकाने विचारलं की डब्यात काय आहे. मी म्हटलं, मेथीची भाजी, पण यंत्राला ते ठाऊक नाही. आंबा कसा आहे तेही ठाऊक नाही, त्याला फक्त ट्रे ओळखता येतो. चौकोनांचं मी चार वाक्यांत सांगितलं. कोणी ओढले ते सांगितलं नाही, पण सरांचा चेहरा बघून ते सगळ्यांना कळलं. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तू संपलीस." हंगामानंतर माझी नेमणूक खरोखरच संपली. पण त्या क्षणी मी सरांकडे बघत नव्हते.

बाबजी हसत नव्हते. गर्दीतून वाट काढत ते टेबलापाशी आले.

"म्हंजे ट्रेमुळं," ते म्हणाले. "इतके दिवस. माजं नाव तिथं लाल. ट्रेमुळं."

"हो."

"तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"काल सांजचा तू माज्या पुढ्यातनं गेलीस."

"गेले."

ते जमिनीवर थुंकले. पाहुण्यांसमोर, पुसून स्वच्छ केलेल्या फरशीवर. मला राग यायला हवा होता. आला नाही.

इंदुलकरांनी धावपळ करून पडद्यावरचं नाव पुसलं. खुर्चीवरून एक निर्यातदार उठले, वयाने मोठे होते, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले की बाबजीशेठ, झालं ते वाईट झालं, तुमची बाग आम्ही आत्ताच यादीत घेतो, आता आढी फोडायची गरज नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रकरण मिटलं होतं. लोक चहाकडे वळू लागले.

"आढी फोडा," बाबजी म्हणाले.

"अहो काका, कशाला आता?" इंदुलकर म्हणाले.

"पैज आढीची लागली होती. ट्रेची नाय. फोडा."

दोन्ही कुलपं निघाली. दार उघडताच पिकल्या हापूसचा वास असा बाहेर आला की मागचे लोक आपोआप पुढे सरकले. पेंढ्यातून आंबे टोपलीत भरून टेबलावर आणले. बाबजी स्वतः कापायला बसले, तीच सुरी घेऊन. मी शेजारी ताटं पुढे करत उभी राहिले, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही. सरही पाहुण्यांच्या मागे उभे होते, हाताची घडी घालून.

आंबा उभा धरायचा, सुरी कोयीला घासत न्यायची, दोन्ही गाल उघडून ताटात टाकायचे. केशरी, घट्ट, एकसारखा गर. एक झाला, दुसरा झाला. लोक फोडी उचलून खाऊ लागले, ताटं रिकामी होऊ लागली. बाबजींच्या चेहऱ्यावर आनंद बिनंद काही दिसत नव्हता. पोलीस एखाद्याच्या घराची झडती घेतात तसे ते स्वतःच्या आंब्यांची झडती घेत होते.

टोपली तळाला आली तेव्हा एक आंबा कापता कापता त्यांचा हात थांबला. सुरी अर्ध्यावर होती. फट उघडली, आणि त्यांनी ती चटकन अंगठ्याने मिटवली. पण मी शेजारी होते. आत पांढरं मला दिसलं होतं.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बघितलं हे त्यांना कळलं. बाकी कुणी बघितलं नव्हतं. लोक खात होते, बोलत होते, कुणीतरी हात पुसायला फडकं मागत होतं. पायाशी सालींची बादली होती. त्यांनी हात नुसता खाली नेला असता तरी पुरलं असतं. मी हलले नाही. खरं सांगायचं तर त्यांनी तो बादलीत टाकावा असंच मला वाटलं. इतका त्रास झाल्यावर एक आंबा लपवायचा हक्क माणसाला आहे, असं मला वाटलं.

त्यांनी बादलीकडे बघितलं. मग पडद्याकडे. नाव पुसलेली जागा तिथे रिकामी होती.

मग त्यांनी सुरी पुढे नेली, आंबा पुरता उघडला आणि तळहातावर धरून उभे राहिले. कोयीला लागून रुपयाएवढा पांढरट, भुसभुशीत डाग.

"ह्यो साका," ते मोठ्याने म्हणाले.

सर पुढे झाले. त्यांच्या आवाजात जीव परत आला होता. "निघाला ना! बघा. यंत्राने हा आंबा लालच सांगितला होता."

"यंत्रानं सगळेच लाल सांगितले होते," बाबजी म्हणाले. "सगळ्या गावाला चोर म्हटलं तर एखादा खरा चोर गावतोच. त्यानं तुमी फौजदार होत नाय."

ज्यांनी यादीत घ्यायचं कबूल केलं होतं ते निर्यातदार त्या फोडीकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागले. इंदुलकर बाबजींच्या कोपराला धरून कुजबुजले की काका, एखादा सगळ्यांच्यात निघतो, दाखवायची काय हौस होती. बाबजींनी कोपर सोडवून घेतलं.

"माजी बाग हाय," ते म्हणाले. "तिच्यात काय हाय नि काय नाय, ते मी सांगणार. डबा नाय सांगणार." आणि ती फोड त्यांनी माझ्या टेबलावर, कॅमेऱ्याखाली आणून ठेवली. "घे. साका साका करत होतीस ना? बघून घे नीट. तुज्या डब्याला पण दाखव. आयुष्यात एकदा तरी खरा बघू दे."

मी आधीची शिकवणी सगळी पुसली. सर "थांब" म्हणाले, मी थांबले नाही. फोडीचा फोटो घेतला. मग टिंबाटिंबाचं हत्यार उचललं आणि त्या पांढऱ्या डागाच्या आतून, कडेला न शिवता, एकेक टिंब टाकत गेले. पडद्यावर माझं प्रत्येक टिंब सगळ्यांना दिसत होतं. तुकडा पुरा झाला, रेघ उमटली. ती आधीच्या कुठल्याच रेघेसारखी नव्हती.

सॉफ्टवेअरने नेहमीची छोटी खिडकी उघडली. नमुन्याचं नाव लिहा.

मी नुसतं 'साका' लिहिलं आणि पुढे बोट एंटरवर नेलं.

"पुढं?" बाबजी म्हणाले. "पंधरा दिवस ह्याच्या पुढं नाव लिवत होतीस. आता का थांबलीस?"

"काका, इथे निर्यातदार बसलेत," मी हळू म्हटलं. "नाव नसलं तरी चालतं."

काका म्हटल्यावर या वेळी त्यांनी मला टोकलं नाही. सुरी धोतराच्या सोग्याला पुसली, एक बाजू, मग दुसरी.

"शिरधनकर लिव," ते म्हणाले. "आता खरं हाय. आता लिव."

मी लिहिलं.